झाफनं दारू प्यायली होती का?

माझा एक जुना विद्यार्थी आता लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींत उतरतो. दोनशे-तीनशे किलोमीटर, मध्ये घाट आला की त्याला जास्तच आनंद. मागे भेटला तेव्हा त्यानं मोबाइलवर एक काळापांढरा फोटो दाखवला. रस्त्याकडेच्या झाडाला टेकून बसलेला, डोळे हरवलेला एक सायकलपटू. “सर, आपला माणूस बघा. घोटभर दारू पिला आणि उलट्या दिशेनं सायकल हाणत सुटला!” तो हसला. मीही हसलो, आणि घरी आल्यावर ते हसू मला टोचत राहिलं.

फोटोतला माणूस म्हणजे अब्देल कादर झाफ. जन्म १९१७चा, अल्जेरियातल्या शेब्ली गावचा. २७ जुलै १९५० रोजी टूर द फ्रान्सचा पर्पिन्याँ ते नीम हा दोनशेहून अधिक किलोमीटरचा टप्पा होता. दक्षिण फ्रान्स उन्हानं भाजून निघत होता. बडे खेळाडू अशा दिवशी अंग राखून चालतात. उत्तर आफ्रिकेच्या संघातले दोघे, झाफ आणि मार्सेल मोलिनेस, मात्र सगळ्यांना सोडून पुढे निघाले. मागच्या घोळक्यापासून त्यांचं अंतर पंधरा मिनिटांच्याही वर गेलं. सायकल शर्यतीत हे अंतर म्हणजे जवळजवळ दुसऱ्या गावाला पोचल्यासारखं. नीम जवळ आलं आणि झाफ झोकांड्या खाऊ लागला, कोसळला. लोकांनी त्याला झाडाखाली बसवलं. त्यानंतरची गोष्ट सगळीकडे सारखीच सांगितली जाते: शुद्धीवर येताच तो सायकलवर चढला आणि नीमऐवजी आल्या वाटेनंच पर्पिन्याँकडे निघाला. तोंडाला वाइनचा वास येत होता. कोणा प्रेक्षकानं पाण्याऐवजी वाइनची बाटली हातात दिली असेल, बिचारा मुसलमान, कधी न चाखलेली, एका घोटात चढली.

या गोष्टीची गंमत अशी की ती सगळ्यांनाच सोयीची आहे. फ्रेंच वाचकाला हसायला एक भाबडा अरब मिळाला. आणि आपल्यालाही ती मनातून आवडते, हे मी कबूल करतो. आपला माणूस इतका पाक की एका घोटानं आडवा झाला! मी तर त्या रात्री हिजरी कॅलेंडर काढून बसलो होतो, रोजा असेल म्हणून. त्या वर्षीची शर्यत सुरू झाली तेव्हा रमजानचे शेवटचे दिवस होते खरे, पण २७ जुलैला ईद होऊन दहाएक दिवस उलटले होते. माझ्या हाती काही लागलं नाही, आणि आपण इतिहास शोधतोय की वकिली करतोय, असा प्रश्न मात्र पडला.

मग नकाशा उघडला. शेब्ली हे अल्जियर्सच्या दक्षिणेला मितिजाच्या मैदानात येतं. १८३०मध्ये फ्रेंच आले, पुढे या मैदानातली उत्तम जमीन युरोपीय वसाहतवाल्यांकडे गेली आणि तिथं द्राक्षमळे उभे राहिले. फ्रेंच अमलातला अल्जेरिया हा जगातला सर्वांत मोठा वाइन निर्यातदार होता. ज्या मुसलमानांनी ती पिऊ नये, त्यांच्याच मुलखातून ती जहाजं भरभरून जात होती, आणि मळ्यात राबणारे हातही बहुतेक त्यांचेच. अशा गावच्या माणसाला वाइन म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं, ही कल्पना अल्जेरिया न पाहिलेल्यालाच सुचू शकते. न पिणं वेगळं आणि न ओळखणं वेगळं.

वासाचंही उत्तर अवघड नाही. नीमच्या आसपासचा सगळा मुलूख द्राक्षमळ्यांचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडावर शिंपडायला शेतकऱ्याच्या हाताशी काय असणार? वाइन शिंपडूनच त्याला शुद्धीवर आणलं, असंही सांगणारे आहेत, आणि मला ते जास्त पटतं.

पण खरा मुद्दा पाण्याचा. त्या काळी खेळाडूला वाटेत हवं तेव्हा गाडीतून पाणी देण्यावर निर्बंध होते. सायकलवरच्या बाटल्या संपल्या की लोक रस्त्यातल्या कॅफेत घुसत आणि हाताला लागेल ते उचलत, पाणी, बिअर, वाइन. त्याच शर्यतीत पुढे काही दिवसांतच सँत-माक्सिमपाशी कितीतरी खेळाडू सायकली टाकून कपड्यांसकट समुद्रात उतरले होते. त्यांना कोणी दारूडे म्हटलं नाही. आयोजकांनी दंड केला, एवढंच.

आणि गोळ्या. युद्धानंतरच्या त्या वर्षांत ॲम्फेटामिन घेणं सायकलपटूंमध्ये सर्रास चाले. या गोळ्या थकवा दडवतात, शरीर तापलंय हे कळूच देत नाहीत. टूरमध्ये तपासणी सुरू झाली ती १९६६मध्ये, त्यामुळे १९५०च्या कोणावरही बोट ठेवता येत नाही, झाफवरही नाही. पण १९६७मध्ये इंग्लंडचा टॉम सिम्पसन मों व्हान्तूच्या चढावर असाच उन्हात कोसळला आणि गेला. त्याच्या रक्तात ॲम्फेटामिन आणि दारू दोन्ही सापडलं. त्याच्यासाठी तिथं स्मारक आहे. झाफच्या वाट्याला विनोद आला. झाफ जगला म्हणूनही असेल. पण एवढंच कारण असेल असं मला वाटत नाही.

तो टप्पा मोलिनेसनं जिंकला. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला आफ्रिकी. मोलिनेस अल्जेरियातल्या युरोपीय घरातला, झाफ तिथला मुसलमान. एका संघात, एकाच जर्सीत. घरी मात्र १९४७च्या कायद्यानं अल्जेरियाच्या विधानसभेच्या १२० जागा दोन समान वाट्यांत विभागल्या होत्या: सुमारे दहा लाख युरोपीयांना साठ, आणि त्यांच्या आठपट असलेल्या मुसलमानांना साठ. शर्यतीत तेवढे दोघांचे किलोमीटर सारखे मोजले जात.

हे सगळं मी त्या विद्यार्थ्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग त्यानं एकच विचारलं, तेही त्याच्या धंद्याचं, “सर, पुन्हा उतरला का तो?”

उतरला. पुढच्याच वर्षी. १९५१च्या टूरमध्ये झाफ शेवटचा आला, सहासष्टावा. शेवटच्या खेळाडूला तिकडे ‘लाल कंदील’ म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लावतात तो. त्या वर्षी १२३ जण निघाले होते. सत्तावन्न वाटेत गळाले. झाफ पॅरिसला पोचला.