वज्र कुणाचं?

विरारमध्ये राहणाऱ्याला ‘वज्र’ हा शब्द वज्रेश्वरीमुळे ठाऊक असतो. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये किल्ला सर झाल्यावर मंदिर उभं राहिलं, ही कथा इथं सगळ्यांच्या ऐकण्यातली.

यंदा २६ जानेवारीला सोसायटीतल्या मुलांनी परमवीरचक्राच्या मानकऱ्यांचा तक्ता लावला. त्यात अब्दुल हमीद यांचा फोटो होता. माझ्या भाचीनं विचारलं, "मामू, या पदकावर तर इंद्राचं वज्र आहे. मग ते अब्दुल हमीद यांना कसं?"

प्रश्न निरागस होता, पण मोठी माणसंही तो मनातल्या मनात विचारतात. म्हणून तिला पदकाची गोष्ट सांगितली.

अमेरिकेत नाणी आणि पदकांच्या रचनांवर सल्ला द्यायला २००३ पासून ११ जणांची नागरिक समिती आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे शौर्यपदकं घडवायची वेळ आली, तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी सल्ला विचारला तो सावित्रीबाई खानोलकरांना. त्यांच्याकडे कोणतंही सरकारी पद नव्हतं. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्म, वडील हंगेरियन, आई रशियन. मूळ नाव इव्ह. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली, पुढं महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तकही लिहिलं.

वृत्रासुराला मारण्यासाठी दधीची ऋषींनी देह सोडून आपली हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं. सावित्रीबाईंनी हीच कथा निवडली. कांस्याच्या छोट्याशा चकतीवर मधोमध राजमुद्रा, भोवती चार वज्रं, वर जांभळी फीत. २६ जानेवारी १९५० रोजी हे पदक सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू झालं. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा. त्यांचे भाऊ सावित्रीबाईंचे जावई.

सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ, असल उत्तरच्या लढाईत अब्दुल हमीद जीपवर बसवलेल्या तोफेनं पॅटन रणगाडे फोडत राहिले आणि तिथंच शहीद झाले. धामूपूरच्या एका शिंप्याचा हा मुलगा. त्यांचं परमवीरचक्र पत्नी रसूलन बीबींनी स्वीकारलं.

पुराणातलं चिन्ह म्हणून मला ते परकं वाटत नाही. ते सुचवणारी बाईच परदेशात जन्मली होती. तिनं हा देश अभ्यासानं आणि मायेनं आपला केला. आणि तिनं निवडलेल्या कथेत इंद्रापेक्षा मोठा ठरतो तो हाडं देणारा दधीची. देह देताना त्यानं जात-धर्माचा हिशेब मांडला नव्हता. हमीदनीही मांडला नाही.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं स्केचपेन घेतलं आणि तक्त्यावर परमवीरचक्राच्या चित्राखाली लिहिलं : रचना – सावित्रीबाई खानोलकर. ते नाव तिथं नव्हतंच.