हाताला लागणारी गाठ सोनोग्राफीत दिसते का?

मान आणि खांदा यांच्या मधल्या भागावर जरा बोट दाबून पाहा. ताठ दोरीसारखा पट्टा आणि त्यात एखादी दुखरी गाठ लागते का? ती दाबली की कळ डोक्यापर्यंत जाते का? स्नायूतल्या अशा जागेला ‘ट्रिगर पॉइंट’ म्हणतात. एक्स-रे नॉर्मल, रक्ताचे रिपोर्टही नॉर्मल. मग ‘दुखणं तुमच्या मनात आहे’ असं ऐकावं लागतं. तुम्हीही हे ऐकलं असेल, तर हा इतिहास तुमच्यासाठी आहे.

स्नायूतल्या कडक, दुखऱ्या जागांचं वर्णन जर्मन डॉक्टर रॉबर्ट फ्रोरिप यांनी १८४३ मध्येच केलं होतं. १९३८ मध्ये ब्रिटनचे जोनास केलग्रेन यांनी स्नायूत मिठाचं तीव्र द्रावण टोचून दाखवलं, की दुखणं एका जागी आणि कळ भलतीकडेच, असं होऊ शकतं. पुढे अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या विषयाला आयुष्य वाहिलं. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या त्या हीच. १९८३ मध्ये डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यांनी ट्रिगर पॉइंटवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

अडचण एकच होती: निदान सगळं बोटांवर. एका डॉक्टरला लागलेली गाठ दुसऱ्याला लागेलच, असं नाही.

गर्भ आणि पोटातल्या गाठी पाहण्यासाठी ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी सोनोग्राफीचा उपयोग १९५८ मध्येच जगापुढे मांडला होता. मग हीच तपासणी स्नायूंसाठी का नको? १९९९ मधल्या एका छोट्या अभ्यासात हाती काही लागलं नाही. २००९ मध्ये मात्र अमेरिकेत सिद्धार्थ सिकदर आणि सहकाऱ्यांनी नऊ जणांच्या खांद्याचे स्नायू तपासले. ट्रिगर पॉइंटच्या जागी पडद्यावर लंबगोल, काळपट डाग दिसले. बाहेरून कंपनं दिल्यावर तो भाग आजूबाजूपेक्षा कमी हलला, म्हणजे तो खरंच कडक होता. डॉप्लरने जवळच्या रक्तप्रवाहातले बदलही टिपले.

म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. हे अभ्यास छोटे आहेत आणि ट्रिगर पॉइंटच्या संकल्पनेवरच काही तज्ज्ञ आक्षेप घेतात. निदान आजही तुमची हकीकत ऐकून आणि हाताने तपासूनच होतं. त्यामुळे केवळ यासाठी सोनोग्राफीचा आग्रह धरू नका. मात्र हातपाय बधिर होणं, ताकद कमी होणं, ताप, वजन घटणं किंवा छातीत दुखणं असेल, तर ‘गाठच आहे’ म्हणून मालिश करत बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

आणि एवढं लक्षात ठेवा: रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही. कदाचित ते पाहण्याचं साधन अजून पुरेसं तयार झालेलं नसेल.