ओटीवरचा फोटो

मे महिन्यात पोलादपूरजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. सोबत न्यू जर्सीत वाढलेला पुतण्या. ओटीवरचा महाराजांचा फोटो बघून म्हणाला, "काका, आमच्या घरी पण हाच आहे. पण तेव्हा कॅमेरा नव्हता, मग महाराज असेच दिसायचे कशावरून?"

प्रश्न रास्त होता. रायगड इथून जवळ, राज्याभिषेक तिथलाच, १६७४ चा. पण चेहरा आपल्याला मिळाला तो परदेशातून! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे महाराज म्हणून भलत्याच सरदाराचं चित्र छापलं जायचं. १९३३ साली इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी खरं चित्र लोकांपुढे आणलं. ते होतं व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या १७२४–२६ च्या ग्रंथात.

महाराज १६७७ मध्ये गोवळकोंड्याला गेले होते. पुढच्या दशकात तिथल्या शैलीत काढलेली त्यांची चित्रं युरोपात पोचली. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये विट्सेन नावाच्या महापौराचा अल्बम आहे, साधारण १६८६ चा. त्यात महाराज आहेत. एका बाजूने दिसणारा चेहरा, टोकदार दाढी.

"म्हणजे हा फोटोही तुझ्यासारखाच, बाहेर राहून घरी आलेला," मी म्हटलं.

गडी खूश! पण लगेच पुढचा प्रश्न, "आणि तानाजींचा फोटो?"

त्यांच्या हयातीतलं एकही चित्र प्रसिद्ध नाही. काय सांगणार? दुसऱ्या दिवशी त्याला उमरठला, समाधीपाशी घेऊन गेलो. तिथे मात्र त्याने काही विचारलं नाही.