शब्दवेध : माग

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडने मराठी वाचकांना कथांबरोबर शब्दही दिले. ‘छडा’, ‘सुगावा’, ‘माग’ हे शब्द ओलांडून रहस्यकथेत पुढे जाताच येत नाही. गुन्हेगार कोण हे कळायची घाई असते, म्हणून कोश न उघडताही अर्थ उमगतो आणि टिकतो.

यांतला ‘माग’ मला फार मोलाचा वाटतो. संस्कृत ‘मार्ग’, प्राकृत ‘मग्ग’, मराठी ‘माग’. ‘मार्ग’चे नाते ‘मृग’शी जोडले जाते, आणि मृग म्हणजे मुळात केवळ हरिण नव्हे, तर कुठलेही रानटी जनावर. म्हणून तर सिंह मृगेंद्र. म्हणजे मार्ग आधी श्वापदाच्या पावलांनी पडला, माणसांची रहदारी नंतरची! शर्लॉक होम्सच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (1902) या कादंबरीतले रहस्यही प्रेताजवळ उमटलेल्या प्रचंड कुत्र्याच्या ठशांपासूनच वाढत जाते.

निफाड तालुक्यातल्या सायखेड्याला हा मूळ अर्थ शिकवावा लागत नाही. गोदाकाठच्या उसात बिबट्या शिरतो, ओल्या मातीत पंजे उमटतात. त्यावरून त्याचा माग काढायचा आणि वनखात्याने पिंजरा लावायचा.

‘मागोवा’ याच कुळातला. ज्ञानेश्वरीच्या (1290) अखेरीस ज्ञानदेव आपण व्यासांचा मागोवा घेतल्याचे सांगतात. रोजचे ‘मागे’ आणि ‘मागून’ही इथलेच : जो दुसऱ्याच्या पावलांवरून येतो, तो मागून येतो.