चक्र आणि आपलं भोगवर्धन

निळ्या झेंड्यावर आपण चक्र रंगवतो. अर्थ विचारला की "आठ आरे, अष्टांगिक मार्ग" म्हणून मोकळे होतो. अरे, सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राला २४ आरे आहेत! २२ जुलै १९४७ ला चरख्याच्या जागी तेच राष्ट्रध्वजावर आलं. आरे मोजून धम्म कळत नाही.

पूर्वी चक्र चक्रवर्ती राजाचं. ते फिरेल तिथवर त्याची सत्ता. बुद्धानं सारनाथला पाच भिक्खूंपुढं ते फिरवलं, काठी न उगारता. सुत्त सांगतं, हे चक्र ब्राह्मण, देव, मार, कोणीच उलटं फिरवू शकत नाही. त्याला कोणी सुदर्शन म्हणालं तर सांगा, हे मुंडकं उडवत नाही.

आता घरचं ऐका. आपल्या जालना जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या माणसांनी सांचीच्या स्तूपाला दान दिलं. दगडात गावाचं नाव कोरलंय. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचा लेख आहे, कोरीव काम आम्ही केलं म्हणून. (राबणाऱ्यांची सही दगडावर, बघा!) भोकरदनच्या १९७३ च्या उत्खननातही हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली.

त्या तोरणांवर बुद्धाची मूर्ती नाही. बोधिवृक्ष, पावलं, रिकामं आसन. आणि उपदेश दाखवायचा तर चक्र. माणसं चाकापुढं हात जोडून. मी जिनिंगमध्ये दिवसभर चाकं बघतो. आस वाकला की आरे काय कामाचे? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये माणसाचं माणसाशी नातं मध्यावर ठेवलं. माझ्या लेखी तोच आस.

आषाढी पौर्णिमेला, त्या पहिल्या प्रवचनाच्या दिवशी, भोकरदनला जायचंय. कोण कोण येतंय?