स्पीकर घेण्यापूर्वी खोलीचा कानोसा घ्यावा

चंद्रपूर : नागपूर किंवा मुंबईच्या दालनात ऐकताना मोहून टाकणारी स्पीकरची महागडी जोडी चंद्रपूर वा गडचिरोलीच्या घरी आणून लावली की अनेकदा कर्कश वाटू लागते. दोष बहुधा स्पीकरचा नसतो. दालनात गालिचा, जाड पडदे आणि गुबगुबीत कोच असतात. इकडील नव्या घरांत सिमेंटचा स्लॅब, गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंती. या कठीण पृष्ठभागांवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि गाण्यातले शब्द अस्पष्ट होतात. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून झणत्कार उमटला, तर खर्चाची सुरुवात स्पीकरपासून नव्हे, तर जाड सतरंजी, गाद्या-लोड आणि पुस्तकांनी भरलेल्या कपाटापासून करावी.

त्यानंतर खोलीचे माप घ्यावे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर असतो. त्या हिशेबाने १० फूट अंतरावरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६-५७ हर्ट्झचा स्वर विशेष घुमतो, १२ फुटांत ४७ हर्ट्झचा. खोली १० बाय १० असेल तर भिंतींच्या दोन्ही जोड्या एकाच स्वराला फुगवतात; स्लॅबही १० फुटांवर असल्यास तिसरी भर पडते. अशा चौकोनी खोलीत माणसाच्या छातीइतके उंच स्पीकर आणणे म्हणजे पैसे देऊन घुमारा विकत घेणे होय.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला खर्ज तरी किती खोल लागतो? काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला लागते, काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेची १०४ हर्ट्झच्या जवळपास. म्हणजे ६०-६५ हर्ट्झपर्यंत समर्थपणे उतरणारा लहान स्पीकर ख्याल, नाट्यसंगीत आणि भावगीतांना पुरतो. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी विकसित केलेला एलएस ३/५ए हा स्पीकर जेमतेम फूटभर उंचीचा. तरीही मानवी आवाजाच्या नैसर्गिकतेसाठी जाणकार आजही त्याचे नाव घेतात. चित्रपटांतील स्फोट ऐकायचे असतील तर गोष्ट वेगळी.

लहान स्पीकरची संवेदनक्षमता मात्र बहुधा कमी असते. माहितीपत्रकात ती एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल, अशी दिलेली असते. ८३ डेसिबलच्या स्पीकरला ८९ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढण्यासाठी चौपट वॅट लागतात, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर त्या बेताचा हवा. झाडीपट्टीच्या नाटकांच्या मंडपातील भोंग्यांची सवय झालेल्या कानाला असा स्पीकर प्रथम मिळमिळीत वाटेल. आठ-दहा फुटांवर बसणाऱ्याला तेवढा आवाज पुरेसा होतो.

या दोन जिल्ह्यांत स्पीकरचा खरा प्रतिस्पर्धी आहे तो कूलर. मार्चअखेरीपासून पाऊस येईपर्यंत त्याची घरघर तंबोऱ्याचा झंकार गिळून टाकते. आवाज वाढविल्याने कान थकतात, गाण्यातले बारकावे परत येत नाहीत. अधिक महाग जोडी घेण्याऐवजी त्या खोलीसाठी शांत चालणारा स्प्लिट एसी घेणे कित्येकदा शहाणपणाचे ठरते.

सागवानाचा मोहही इथे मोठा आहे. आलापल्लीचे जंगल आणि बल्लारपूरचा लाकूड डेपो जवळ; २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी साग इथूनच रवाना झाला. साहजिकच ओळखीच्या सुताराकडून अस्सल सागाची पेटी करून घ्यावी, असे अनेकांच्या मनात येते. परंतु भरीव लाकूड मे महिन्याच्या ४६ अंशांत आकसते, जुलैत फुगते. सांधे उकलतात आणि पेटीतून हवा गळू लागते. म्हणून चांगले उत्पादक एमडीएफ किंवा बर्च प्लायवूड वापरतात. एलएस ३/५एची पेटीही बर्च प्लायवूडचीच. साग असलाच तर वरच्या पातळ व्हिनियरपुरता. घरच्या सागाचे स्टँड करावेत, ते उत्तम होतात. एमडीएफच्या कडा मात्र पाण्याने फुगतात, त्यामुळे फरशी पुसताना व कूलरच्या झोताशेजारी जपावे.

कोनाभोवतीची कडा कशाची आहे, हे विक्रेत्याला आवर्जून विचारावे. फोमची कडा उष्ण-दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होऊन गळते. रबराची कितीतरी अधिक टिकते.

स्टँडची उंची ऐकणाऱ्याच्या बसण्यावर ठरते. कोचावर बसल्यास कान जमिनीपासून सुमारे एक मीटरवर येतात, गादीवर मांडी घालून बसल्यास पाऊण मीटरवर. वरचे स्वर देणारा ट्वीटर त्याच पातळीत हवा. मागच्या भिंतीपासून निदान दोन फूट जागा सोडावी. पेटीला मागे छिद्र असेल तर त्यावर विरळ जाळी लावावी, कारण पाली आणि झुरळे तिथे आनंदाने संसार थाटतात.

खरेदीला जाताना आपल्या पाठ असलेल्या गाण्याचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे आणि ते हळू आवाजात, निदान अर्धा तास ऐकावे. मोठ्या आवाजात कोणतीही जोडी पहिली पाच मिनिटे छान वाटते. ऑनलाइन मागविताना परतीची मुदत किती दिवसांची, हे आधी पाहावे. मूळ खोकी व थर्माकोल जपून ठेवावेत. दुरुस्तीसाठी जोडी नागपूरला न्यायची झाली तर चंद्रपूरहून सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास असतो.