मॅग्निफिसंट सेव्हन, द (चित्रपटसंगीत)

त्याच नावाच्या १९६० मधील अमेरिकन वेस्टर्न चित्रपटाच्या २०१६ मधील पुनर्निर्मितीसाठी रचलेले वाद्यवृंदसंगीत व त्याची ध्वनिमुद्रिका. संगीतकार जेम्स हॉर्नर (१९५३–२०१५) व सायमन फ्रँग्लेन.

मूळ कथा जपानी. अकिरा कुरोसावाच्या सेव्हन सामुराय (१९५४) या चित्रपटास फूमिओ हायासाकाने संगीत दिले होते. जॉन स्टर्जेसने १९६० मध्ये ती कथा मेक्सिकोतील एका खेड्यात नेली. त्यासाठी एल्मर बर्नस्टाइनने (१९२२–२००४) रचलेली मुख्य धून पुढे मार्लबरो सिगारेटच्या जाहिरातींतूनही गाजली. नवल असे, की चित्रपट आला तेव्हा तिची ध्वनिमुद्रिका निघालीच नाही. रिटर्न ऑफ द सेव्हन (१९६६) या उत्तरभागाच्या नावाने जी निघाली, तीत पहिल्याच चित्रपटाचे संगीत नव्याने वाजविलेले होते. मूळ ध्वनिमुद्रण १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

अशा सर्वतोमुखी धुनेशी हॉर्नरची गाठ होती. दिग्दर्शक अँटवान फुक्वाच्या साउथपॉ (२०१५) या चित्रपटाचे संगीत त्यानेच केले होते. नव्या चित्रपटाची केवळ संहिता वाचून, चित्रीकरणापूर्वीच, त्याने प्रमुख धुना रचून ठेवल्या. २२ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियात स्वतः चालवीत असलेले विमान कोसळून तो मरण पावला. त्यानंतर त्याच्या सहकाऱ्यांनी त्या धुना फुक्वाला ऐकविल्या आणि टायटॅनिकपासूनचा सहकारी फ्रँग्लेन याने त्यांवरून संपूर्ण संगीत सिद्ध केले. चित्रपटसंगीत एरवी तयार दृश्यांच्या मापाने बेतले जाते. येथे धुना आधी व दृश्ये नंतर, आणि दृश्ये पाहावयास मूळ रचनाकारच नव्हता. त्यामुळे कोणती स्वरवाक्ये कोणाची, हे श्रोत्यास सांगता येत नाही. दोघांची नावे एकत्र देणे हेच न्याय्य होय.

या संगीतात बर्नस्टाइनचा उल्हास क्वचितच आढळतो. तंतुवाद्ये व पितळी वाद्ये यांच्या जोडीला गिटार, बँजो, टाळ्यांचे ठेके आणि शाकुहाची ही जपानी बासरी आहे. शाकुहाची हॉर्नरने आधीही अनेकदा योजली होती. तथापि सामुरायांपासून निघालेल्या या कथेत ती विशेष शोभते. संकटसूचक चार स्वरांची त्याची आवडती आकृती येथेही येते. पुनरुक्तीचा आक्षेप तिच्यावर जुनाच आहे.

चित्रपटाच्या अखेरीस, श्रेयनामावलीबरोबर, बर्नस्टाइनची धून वाजते. ती तेथवर राखून ठेवल्यामुळे हॉर्नरच्या धुनांना दोन तास मोकळे रान मिळाले.